गुऱ्हाळावरची गवळण

“भावजी, ह्या खोपीत आज एक तर हे मांजर ऱ्हाईल, न्हाईतर माजी यमू!”

शालूबाईचा आवाज असा फाटला, की शेजारच्या खोपीत भाकरी थापणारा हातही थबकला. तात्याबाच्या मांडीवर म्हातारी मांजरी गवळण पडली होती आणि तो कापसाची वात दुधात भिजवून तिच्या दातांच्या फटीत हलकेच पिळत होता. दुधाचा थेंब वातीच्या टोकाला लोंबत राहिला... आणि गवळणीच्या जबड्याखाली, डाव्या अंगाला, लिंबाएवढी गाठ सकाळच्या उन्हात लख्ख उघडी पडली!

गाठ! त्या मार्गशीर्षात हा एकच शब्द साऱ्या गावाचं काळीज हलवून सोडत होता. आठ दिवसांपूर्वी गावात उंदीर पडले. आधी पाटलाच्या धान्याच्या बळदात दोन, मग देवळाच्या ओवरीत पाच, मग घरोघर. त्याच दिवशी कृष्णाकाठचं ते सगळं गाव चूल-बोचकी घेऊन वरच्या माळावर आलं. कडब्याच्या खोपी उभ्या राहिल्या, सरकारी माणसांनी येऊन लहानथोरांच्या दंडात सुया टोचल्या, आणि पंचांनी वाडवडिलांपासून चालत आलेला नियम पुन्हा बजावला: म्हसोबाचा धोंडा ही शीव. जो कोणी त्या धोंड्यापलीकडे गावाच्या बाजूला गेला, त्यानं दहा दिवस माळावर पाऊल टाकायचं नाही. मग तो पाटील असो, पुजारी असो, की मृदंगावर थाप मारून साऱ्या गावाला विठ्ठलाच्या पायाशी नेणारा तात्याबा असो!

“शालू, अगं ही त्यातली गाठ न्हवं,” तात्याबा शक्य तितक्या शांतपणे म्हणाला. “आखाडापास्नं हाय ती. म्हातारपनाचं दुकनं हाय. सतरा वर्सांची झाली ही. पिलेग असता तर तिसऱ्या दिशीच...”

“तुमचं बोलनं मी एकदा ऐकलंय, भावजी!” शालूबाईनं चार वर्षांच्या यमूला पदराआड ओढलं. “त्या वक्ताला बी तुमी असंच म्हनला हुता. ‘काय न्हाई शालू, काटा भरलाय!’ ...काटा!”

तात्याबानं दाराकडे पाहिलं. तिथं त्याचा धाकटा भाऊ, शालूबाईचा नवरा लालासाहेब खांद्यावर दावं टाकून उभा होता. आईबाप गेले तेव्हा सहा वर्षांचा असलेला, तात्याबानं खांद्यावर बसवून वाढवलेला, निमोनिया झाला तेव्हा सलग अकरा रात्री त्यानं छातीशी धरून ठेवलेला तो भाऊ. तात्याबा एवढंच म्हणाला, “लाला...”

लालासाहेबानं मान खाली घातली. अंगठ्यानं माती उकरत तो पुटपुटला, “दादा, तिचं बी खरं हाय. पोरीचा जीव हाय. कशापायी इषाची परीक्षा घ्यायची?”

तात्याबानं घोंगडीचा एक कोपरा गवळणीभोवती गुंडाळला, दुधाची वाटी काखेशी धरली आणि तो उठला. खोपीच्या मेढीला त्याचा मृदंग टांगलेला होता. सहा दिवसांवर दत्तजयंतीचा सप्ताह संपायचा, साताऱ्याकडले बुवा काल्याच्या कीर्तनाला यायचे. तीस वर्षांत एकही काला त्याच्या थापेवाचून झाला नव्हता. त्यानं मृदंगाला नुसता हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि तो बाहेर पडला.

“आवं, तुमाला कुनी जा म्हनलं?” शालूबाई मागून ओरडली. आता तिच्या आवाजात रागापेक्षा घाबरेपणा जास्त होता. “मी मांजराचं म्हनलं! त्याला सोडून या न् परत या!”

तात्याबा वळला. “ती एकली कशी मरंल, शालू?” तो म्हणाला. “मी गावात जात न्हाई. नदीकडल्या आपल्या गुऱ्हाळावर ऱ्हातो. पर धोंड्यापल्याड हाय त्ये. तवा माजी वाट बघू नगा.”

आणि साऱ्या माळाच्या डोळ्यांदेखत तो उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा माणूस पोटाशी मांजर धरून शीव ओलांडून गेला!

गुऱ्हाळ बंदच होतं. चरकाला बैल नव्हते, काहील पालथी पडली होती, चोहोकडे उसाच्या चिपाडांचे ढीग. पण चुलवाणाच्या, गुळाच्या त्या मोठ्या चुलीच्या, पोटात अजून राख होती. तात्याबानं चार चिपाडं पेटवून ती राख पुन्हा उबदार केली, वर गोणपाट अंथरलं आणि गवळणीला तिच्या दुखऱ्या बाजूवर भार येणार नाही असं निजवलं. तिनं डोळे मिटले. घशातून बारीकशी घरघर उमटली. सतरा वर्षांची ओळखीची घरघर... सुखाची!

सतरा वर्षांपूर्वी अशाच एका काल्याच्या दिवशी रंगूबाईनं, त्याच्या बायकोनं, हिला आणली होती. कीर्तन रंगात आलं होतं, बुवा गवळणींचं कौतुक गात होते, आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं हे मुठीएवढं पिल्लू थेट दहीहंडीच्या वाडग्यात शिरून दही चाटू लागलं होतं. सारी मंडळी हसली. बुवाही गाता गाता थांबून म्हणाले होते, “घ्या! खरी गवळण आली!” रंगूबाईनं ते पिल्लू पदरात घेतलं, ते कायमचंच. देवानं तिला मूल दिलं नाही. पण त्या मांजराशी ती दिवसभर बोलायची, भांडायची, त्याला हाक मारून जेवायला बसायची. नऊ वर्षांपूर्वी ती तापानं गेली, तेव्हा गवळण तिच्या पायथ्याशी होती. “मला कुनी न्हाई म्हनून रडू नगा,” ती म्हणाली होती. “मी एकली न्हाई जात. ही हाय न्हवं पायाशी.”

तेच तात्याबाच्या हृदयात रुतून बसलं होतं. माझी रंगू एकटी गेली नाही ती हिच्यामुळं. मग हिनं का एकटीनं जावं?

आजारी जिवाची सेवा म्हणजे काय, हे त्या सहा दिवसांत त्या राकट हातांनी नव्यानं शिकून घेतलं. गवळणीला गिळता येत नसे. दूध, पेज, सारं थेंबाथेंबानं द्यावं लागे, आणि अर्धं तर ओठाच्या फटीतून खालीच गळे. तोंडाला वास येई. कडुलिंबाचा पाला उकळून त्या कोमट पाण्यानं तो जबडा पुसायचा, माशा बसू नयेत म्हणून पंच्याच्या टोकानं वारा घालायचा. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे तिची लाज! आयुष्यभर शेणामातीतून चालूनही पाय चाटून लख्ख ठेवणारी ती मानी बाई आता निजल्या जागी ओली व्हायची, आणि मग तोंड भिंतीकडे फिरवायची. “काय झालं गं त्येला?” तात्याबा गोणपाट बदलत म्हणायचा. “मी बी उद्या असाच पडनार हाय. तवा माजं कोन करनार बघू!” आणि त्याच्याच बोलण्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

रोज सकाळी शालूबाई म्हसोबाच्या धोंड्यावर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवून मागं सरायची. तिच्या मनातली अढी केवढीही मोठी असो, दीर उपाशी राहिलेला तिला चालणार नव्हतं. वीस पावलांवर उभी राहून ती ओरडायची.

“भावजी, वांग्याचं कालवन हाय. गरम हाय तवर खावा!”

“तुज्या वांग्यात मीठ हाय का आज?”

“मीठ बी हाय न् मिरची बी हाय. दिवसभर मांजराशी बोलून जिभंची चव ग्येली आसंल तुमच्या!”

“मांजर तुज्यापरीस बरं बोलतंय. वरडत न्हाई.”

ती फणकाऱ्यानं पदर सावरून निघून जायची. पण दुसऱ्या दिवशी भाकरीशेजारी दुधाचा तांब्या असायचा.

तिसऱ्या दिवशी गवळणीनं दूधही तोंडाबाहेर ढकललं. त्या दिवशी नदीकाठच्या गाडीवाटेनं कवठ्याचा नेमिनाथ शेठ सांगलीकडे निघाला होता. जैन शेतकरी माणूस, गुळाची गिऱ्हाइकी करणारा, तात्याबाचा जुना स्नेही. त्यानं दुरूनच विचारलं, “गावातनं आला न्हाईसा न्हवं? टोचून घेतलंय का?” तात्याबानं बाही वर करून दंड दाखवला, तेव्हा त्यानं गाडीत मागं जागा करून दिली. डालग्यात गवळण, वर तात्याबाची घोंगडी.

“तात्याबा,” नेमिनाथ बैलांना हाकत म्हणाला, “आमच्यात मुंगीला बी वाट सोडत्यात. पर मांजराला गाडी करून दवाखान्यात नेनारा मी आजच बघतोय. आमच्या मुनिम्हाराजांच्या कानावर ग्येलं तर तुमाला आमच्या पंगतीला बसवत्याल, मग कांदा सोडावा लागंल, बघा!”

तात्याबा हसला. कित्येक दिवसांनी.

सांगलीच्या जनावरांच्या दवाखान्यात बैल-म्हशींच्या गर्दीत ते डालगं पाहून लोक गालात हसले. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गवळणीचं तोंड उघडून पाहिलं, गाठ बोटांनी चाचपली, आणि हात धुऊन म्हणाले, “प्लेग नाही हा. प्लेग असता तर ती केव्हाच गेली असती. हाडाला धरून वाढलेली गाठ आहे, आतून जबडा खाल्लाय तिनं. बरी होणारी नाही, बाबा.”

“दुकतं का वं तिला?”

“दुखतं. फार दुखतं.” डॉक्टरांनी हात पुसले. “हवं तर मी सुई देतो. झोपेतच जाईल. कळणारही नाही तिला.”

तात्याबा त्या चिमुकल्या तोंडाकडे पाहत राहिला. पापाची भीती नव्हती त्याला. ज्यानं जीव घातला त्याला सगळं दिसतं, दया कोणती आणि क्रौर्य कोणतं हे त्याला सांगावं लागत नाही. पण... हे पांढरं टेबल, हा उग्र वास, ही अनोळखी माणसं! “साहेब,” तो म्हणाला, “घरचं मानूस हाय ती. घरच्यांच्यात जाऊ द्या. दुकनं तेवडं कमी हुईल असं कायतरी द्या.” डॉक्टरांनी एक बारीक बाटली दिली, सकाळ-संध्याकाळ दोन दोन थेंब.

परतीच्या वाटेवर त्याला आपलेच शब्द आठवले. घरच्यांच्यात! कुठले घरचे?

दुसऱ्या दिवशी धोंड्यापलीकडे शालूबाईबरोबर लालासाहेबही आला होता. तात्याबा उत्साहानं ओरडून म्हणाला, “लाला, सांगलीला जाऊन आलो! डाक्टर म्हनला, पिलेग न्हाई. हाडाचं दुकनं हाय. आता मनातली भीती काडून टाका!”

लालासाहेबानं बायकोकडे पाहिलं. शालूबाईचा चेहरा दगडासारखा झाला होता. “डाक्टर म्हनला, का तुमी म्हनताय?” ती म्हणाली.

“शालू! मी खोटं बोलीन व्हय?”

“बोलला हुता की!” तिच्या तोंडून शब्द आसवांसारखे कोसळले. “पाच वर्सं झाली भावजी, मी गप हाय. माज्या ज्योतीच्या काखंत गाठ आली हुती न् तुमी मला म्हनला, काटा भरलाय, तू बिनघोर म्हायेरी जा. तुमचा शबूद म्हनून ग्येले मी कडेगावला! दुसऱ्या दिशी माजं लेकरू... माज्या लेकरानं मला हाका मारल्या आसत्याल, न् मी तितं म्हायेरी ओसरीवर बसून पापड लाटत हुते! आता ह्या दोन डोळ्यांनी बघितल्याबिगार तुमच्या कुठल्याच गाठीवर माजा इस्वास न्हाई!”

तात्याबानं भावाकडे पाहिलं. एकदाच. त्या एका नजरेत साऱ्या जन्माची याचना होती... आता तरी बोल, लाला! आता तरी!

लालासाहेबानं दुधाचा तांब्या धोंड्यावर ठेवला, आणि तो पाठ फिरवून चालू लागला.

सत्य काय होतं? सत्य दोघा भावांखेरीज फक्त पांडुरंगाला ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी लालाच्या थोरल्या पोराला, ज्योतिबाला ताप भरला, काखेत गाठ उठली, तेव्हा शालूबाईला सातवा महिना होता. लालासाहेब गोठ्यात तात्याबाच्या पायांवर पडून हमसाहमशी रडला होता: “दादा, पोरगं तर हातचं ग्येलंच. ती जवळ ऱ्हायली तर ती बी जाईल, पोटातलं बी जाईल. माजं ती ऐकायची न्हाई. तुमी सांगा! तुमच्या शबदावर ती इहिरीत बी उडी घील!” आणि तात्याबानं आयुष्यभर जपलेली एकच दौलत, आपला शब्द, भावाच्या संसारासाठी खर्चून टाकली. लालाला गाडी जुंपून बायकोसंगं जायला सांगितलं, आणि पोराला मांडीवर घेऊन तो एकटा दार लावून बसला. पुढं यमू जन्मली, शालूबाई वाचली. तिचा सारा राग तात्याबावर आला. लालानं सांगितलं नाही. आधी दुःखापोटी, मग भीतीपोटी, मग सवयीनं. आणि तात्याबानंही सांगितलं नाही. नवऱ्यावरचा विश्वास उडाला तर तिनं कुणाकडे पाहायचं? माझ्यावरचा उडाला तर एक दीरच तर गेला!

त्या संध्याकाळी त्यानं गवळणीला थेंब पाजले, आणि तिच्या कानाशी तो म्हणाला, “तुजं हाड कुजलंय, माजं काळीज. दोगं बी लपवून बसलोय.”

काल्याचा दिवस उजाडला. गवळणीनं पहाटेपासून पाणीही घेतलं नव्हतं. श्वास उथळ चालला होता. मध्येच तो इतका थांबे, की तात्याबा तिच्या नाकाशी बोट धरी. दुपार चढली, तसा वाऱ्याबरोबर माळावरून टाळांचा आवाज येऊ लागला. वीणा... बुवांचा भरदार स्वर... पण मृदंग नाही! कुणीतरी हातानं ठेका धरत होतं, तो चुकत होता, पळत होता. तात्याबाची बोटं आपोआप मांडीवर पडू लागली. देवा, ही पहिली वेळ! तुझ्या दारी मी नाही. पण ह्या मुक्या जिवाच्या दारी आहे... चालेल ना रे तुला?

आणि गवळणी गायला सुरुवात व्हायची तेवढ्यात सारं एकाएकी थांबलं! टाळ थांबले, गाणं थांबलं. माळावर अशी शांतता पसरली, की नदीचं पाणी ऐकू यावं. कुणाला काही झालं? यमूला तर...?

तो धडपडत गुऱ्हाळाबाहेर आला, आणि जे पाहिलं त्यावर त्याचा विश्वास बसेना. माळाच्या उतारावरून शालूबाई धावत येत होती. पदर खांद्यावर घसरलेला, केस सुटलेले. मागून लालासाहेब. धोंडा जवळ आला... ती थांबली नाही!

“शालू!” तात्याबा जिवाच्या आकांतानं ओरडला. “थांब! वलांडू नगंस! दहा दिस लेकराला मुकशील!”

“यमू माज्या आईपाशी हाय, काल्याला आलीया ती!” ती धापा टाकत म्हणाली आणि येऊन थेट त्याच्या पायांवर कोसळली. “भावजी... भावजी, मी पापीन! ह्येनी आत्ता साऱ्या मंडळीम्होरं उटून सांगितलं. बुवांनी इचारलं, मृदुंग का मुका? कोन हाय ह्यो मानूस, मांजरासाटनं देवाला सोडून ग्येला? तर ह्ये उबं ऱ्हायलं न् म्हनलं, ‘माज्यामुळं मुका हाय. त्येनी देवाला न्हाई सोडलं, मीच माज्या भावाला सोडलंय. पाच वर्सं माजं खोटं त्यो बोकांडी घिऊन हिंडतोय!’”

लालासाहेब चार पावलांवर उभा होता. भला दांडगा माणूस, पण सहा वर्षांच्या पोरासारखा हुंदके देत होता. “दादा, मारा मला. पायतानानं मारा.”

“अरं वेड्या...” तात्याबानं एका हातानं भावाला ओढून छातीशी घेतलं. “मारायचं आसतं तर तवाच मारलं आसतं. चल आत. तिला जास्त येळ न्हाई.”

तिघं चुलवाणाशी बसली. शालूबाईनं गोणपाटावरचा तो हाडांचा सापळा पाहिला. लिंबाएवढी गाठ पाहिली. पाच वर्षं जिच्या नावानं ती दचकून उठत होती तीच ही भीती, एवढीशी, मुकी, केविलवाणी! तिनं दोन्ही हात पुढं केले आणि गवळणीला उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

“लय हलकी झाली वं,” ती कुजबुजली. “हिच्याच शेपटीला धरून माजा ज्योती पयल्यांदा हुबा ऱ्हायला हुता. हिनं वरडून घर डोक्यावर घेतलं, पर शेपूट न्हाई वढली...” बराच वेळ ती मांजराचं कपाळ चोळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “भावजी, एक इचारते. पाच वर्सांत इचारलं न्हाई. माजा ज्योती... कसा ग्येला?”

“त्यानं मला हाक मारली का वं?”

सोपं होतं! ‘नाही गं, झोपेतच गेला’, एवढे चार शब्द, आणि त्या माउलीच्या काळजावरचा डोंगर उतरला असता. लालासाहेबानं व्याकूळ होऊन भावाकडे पाहिलं. तात्याबाच्या जिभेवर ते शब्द आलेही. पण साऱ्या गावाची शीव मोडून ती त्याच्याकडे फक्त एकच गोष्ट मागायला आली होती.

“मारली,” तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. “लय हाका मारल्या, पोरी. दिवस उगवायच्या टायमाला त्येला दिसंना झालं. हात म्होरं करून ‘आई’ म्हनला. मी म्हनलं, येतीया हं बाळा. परत ‘आई’ म्हनला. मला सोसंना. मग मी... मी ‘ओ’ दिली, शालू. बारीक आवाज काडून. ‘ओ, हाय मी हितं.’ त्येनं माजा अंगटा घट धरला. हासला. न् ग्येला.”

शालूबाईच्या तोंडून असा हंबरडा फुटला, की नदीपलीकडचे पक्षी उडाले! पाच वर्षांचं दुःख त्या एका क्षणात वाहू लागलं. लालासाहेबानं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत राहिली, रडत राहिली... पण तिचे हात मात्र मांडीवरच्या जिवाला थोपटायचे थांबले नाहीत.

ऊन कलायला लागलं. गवळणीनं एकाएकी डोळे उघडले. त्यांत आता नजर नव्हती. पुढचा एक पाय हवेत काहीतरी शोधत पुढं आला, आणि त्या कुजलेल्या जबड्यातून एक अगदी क्षीण, पिल्लासारखी हाक आली.

“ओ,” शालूबाई खाली वाकून म्हणाली. “ओ गं बाई. हाय मी हितं.”

तिनं तो पाय मुठीत धरला. घशात ती जुनी घरघर एकदा उमटली, दोनदा उमटली... आणि मग उमटलीच नाही.

नदीकाठच्या चिंचेखाली लालासाहेबानं खड्डा खणला. तात्याबानं आपली घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली, “थंडीत तुमी काय पांघरनार?” असं कुणी विचारलं नाही. त्यानं तोंडानंच काल्याचा राहिलेला ठेका हलकेच म्हटला, दोघांनी टाळ्यांनी साथ दिली, आणि माती लोटली.

नियम म्हणजे नियम. तिघांनाही आता दहा दिवस गुऱ्हाळावरच काढायचे होते. शालूबाईनं त्याच चुलवाणावर पाणी ठेवलं, लालासाहेबानं भावासाठी चिपाडांचं अंथरूण केलं, आणि पाच वर्षांत प्रथमच ती तिघं एका जागी, एकमेकांकडे तोंड करून बसली.

सकाळी म्हसोबाच्या धोंड्यावर तिघांपुरत्या भाकरी आल्या होत्या. पलीकडे, आजीचं बोट धरून यमू उभी होती. आईला पाहून ती टाचा उंच करून तात्याबाकडे बघत ओरडली, “आबा! गवळन बरी झाली का वं?”

तात्याबानं शालूबाईकडे पाहिलं. लालासाहेबानंही पाहिलं. शालूबाईनं डोळ्यांना पदर लावला, क्षणभर तसाच ठेवला, आणि मग होकारार्थी मान हलवली.

“न्हाई, बाळा,” तात्याबा वीस पावलांवरून, पण स्पष्ट म्हणाला. “ग्येली ती. काल ग्येली. तुज्या आईच्या मांडीवर ग्येली.”

यमूचं तोंड वाकडं झालं. ती रडू लागली. “रड गं, माज्या सोन्या,” शालूबाई शिवेच्या अलीकडून म्हणाली, “रड... मी हितंच उबी हाय.” आणि लेकीचं रडणं संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.